ठिपकीची खिडकी

काचेबद्दल कुणी दोन शब्द जास्त बोललेलं काचवाल्यांना खपत नसे. त्यांची बावीस वर्षं काच कापण्यात गेली होती. हिऱ्याची लेखणी एकदा सर्रकन ओढायची, खालून बोटाने टिचकी मारायची, की तुकडा अलगद हातात. दुकानांच्या दर्शनी काचा, दवाखान्यांची तावदानं, शाळेतल्या पोरांनी चेंडूने फोडलेल्या खिडक्या, सगळं त्यांच्याच हातचं. रस्त्याने जाताना ते माणसांकडे कमी आणि खिडक्यांकडे जास्त बघत. बायको टोमणा मारायची, की माझ्याकडे बघायचं असेल तर मलाही एकदा चौकटीत बसवा.

लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना मुलगी झाली. दीड वर्षाची असताना तिच्या नाकावर, गालांवर बारीक तपकिरी ठिपके उठले. काचवाल्यांना त्याचं भारी कौतुक. त्यांनी तिचं नाव ठिपकी पाडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते नाक दाखवत सुटले. पोरगी दहा मिनिटं बाहेर खेळली तरी भाजल्यासारखी लाल व्हायची, उजेडात डोळे उघडायची नाही. नाजूक आहे, बायको म्हणाली. तुझ्यावर गेलीये, काचवाले म्हणाले. तिसऱ्या वर्षी मोठ्या रुग्णालयात तिचं रक्त तपासलं, आणि मग कौतुक कसलं नि काय.

डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. उन्हाने प्रत्येकाच्याच कातडीला रोज इजा होते, अगदी आत, पेशींतल्या डीएनएला. आपल्याला ते कळत नाही, कारण ती इजा दुरुस्त करणारी एन्झाइम्स शरीर स्वतःच बनवतं. त्यातलं एक बिघडलेला भाग कापून काढतं, मग तिथे नवा भरला जातो. ते एन्झाइम कसं बनवायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. तुमच्या दोघांकडे एकेक प्रत चांगली आहे, म्हणून तुम्हाला कधी काही झालं नाही. हिच्या वाट्याला दोघांचीही बिघडलेली आली. हिची इजा साठत जाते आणि त्यातून पुढे कॅन्सर होतो. उपाय एकच, उन्हापासून दूर ठेवणं.

काचवाल्यांना हे पटकन कळलं. फुटकी काच काढायची, खाच साफ करायची, नवी बसवायची. त्यांच्या पोरीच्या अंगात हे काम करणारा कारागीरच नव्हता. बाहेर आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून ते रडले, आणि बायकोने त्यांच्या खांद्यावरून झोपलेली मुलगी उचलून आपल्याकडे घेतली.

मग ठिपकी घरात राहायला लागली. शाळा नाही, बाग नाही. आईने सगळ्या खिडक्यांना जाड पडदे लावले आणि दिवसासुद्धा दिवे लागले. चार वर्षांची पोर दाराच्या फटीला डोळा लावून बसायची. काचवाल्यांना ते बघवेना. आपण जगाच्या खिडक्या करतो आणि आपली लेक फटीतून बघते, हा विचार त्यांना सोडेना. एका रविवारी त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीतली जुनी खिडकी काढली आणि तिथे रुंद चौकट बसवली. बारा मिलिमीटरची काच, फिकट हिरव्या रंगाची, महागातली. आत ठिपकीच्या उंचीचा ओटा, त्यावर गादी. भर दुपारी ते काचेमागे तळहात धरून अर्धा तास उभे राहिले. हात पोळला नाही.

बायकोने विचारलं, "अहो, काचेतून ऊन येतं ना पण?"

"ऊन नाही, नुसता उजेड येतो," काचवाले म्हणाले. "आता काचेचं मला शिकवणार का तू?"

ती गप्प बसली. खरं तर तिलाही गप्पच बसायचं होतं, कारण ठिपकी त्या गादीवर चढून बसली होती आणि हसत होती.

पुढची चार वर्षं ठिपकीचा मुक्काम खिडकीतच. बसायची नेहमी एकाच बाजूने, पाठ भिंतीला टेकून, पाय लांब करून. समोरचा इस्त्रीवाला दिवसातून किती वेळा पंख्यापुढे शर्ट उचलून उभा राहतो, हे तिला पाठ. शाळेला उशीर झालेली जाडी मुलगी, रोज भांडणारे दोन म्हातारे मित्र, सगळ्यांच्या ती नकला करायची. संध्याकाळी काचवाले आले की दिवसभराच्या बातम्या. त्या ऐकताना त्यांना वाटायचं, आपण आपल्या हाताने हिला अख्खा रस्ता दिला. आयुष्यात एवढा अभिमान त्यांना दुसऱ्या कशाचा नव्हता.

आठव्या वर्षी तिच्या डाव्या गालावर एक गाठ आली. महिन्याभरात कानाजवळ दुसरी. डॉक्टरबाईंनी भिंग लावून बराच वेळ दोन्ही गाल पाहिले, मग विचारलं, "हिची डावी बाजू दिवसभर कशाकडे असते?"

बायको म्हणाली, कशाकडे म्हणजे, ती तर घरातच असते. खिडकीत बसते, पण तिला जाड काच आहे. तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं, की उन्हातलं जे भाजतं ते काच बरंचसं अडवते. पण त्यातला एक भाग ना डोळ्यांना दिसतो ना हाताला लागतो, आणि तो काचेतून आरपार येतो.

काचवाल्यांना हे माहीत होतं. कापड दुकानाच्या दर्शनी काचा बसवून झाल्या की ते मालकाला न चुकता बजावत, शेठ, काचेमागचे कपडे आठवड्याला फिरवत जा, नाहीतर एका बाजूचा रंग उडेल. शेकडो जणांना सांगितलं होतं. मागे धरलेला हात पोळत नाही आणि तरी कापड विटतं, हे बावीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वतःच्या घरी तेवढं आठवलं नाही. तिथे कापड नव्हतं, पोरगी होती, म्हणून असेल.

घरी आल्याआल्या त्यांनी प्लायवूडचे तुकडे कापले आणि खिडकी आतून बंद केली. ठिपकीने आधी विचारलं, मग रुसली, मग खिळ्यांच्या आवाजात ओरडून रडली. तिची आई तिला धरून बसली होती. काम संपल्यावर काचवाले स्वयंपाकघरात आले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू विचारलं होतंस मला."

"विचारलं होतं," बायको म्हणाली. "मग रोज तिथेच बसवून तिला जेवूही घातलं. निम्मं माझं आहे. जनुकासारखंच."

त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना दोष दिला नाही, आणि त्याने दुःख काही कमी झालं नाही.

दोन शस्त्रक्रिया झाल्या. गाठी काढल्या, मांडीची कातडी गालावर लावली, डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं. काचवाले कामाला जात, पण मापं चुकायला लागली. एकदा गिऱ्हाइकासमोरच हातातली काच टिचकी न मारताच मधोमध तडकली. ठिपकी दहा वर्षांची झाली तोवर गाठ मानेतून खाली उतरली होती. डॉक्टरबाईंनी फाइल मिटली आणि सांगितलं, आता घरी न्या, हवं ते द्या.

ठिपकीला सगळं समजत होतं. एका सकाळी तिने बापाला जवळ बोलावलं. "ते लाकूड काढ ना बाबा. आता काय होणारे?"

काचवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती हत्यारांची पेटी घेऊन आली. एकेक खिळा उपटायला त्यांना तासभर लागला, इतके त्यांनी ठोकले होते. काच आतून धुळीने माखली होती. बायकोने ती ओल्या फडक्याने पुसली. मग त्यांनी ठिपकीला उचललं, ती आता उचलायला अगदीच हलकी झाली होती, आणि गादीवर भिंतीला टेकवून बसवलं.

सकाळचं ऊन सरळ आत आलं. काचवाले तिच्या डाव्या बाजूला काचेला पाठ लावून बसले, अंग होईल तेवढं रुंद करून. आपण असं का बसलोय, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. रस्त्यावरून बस गेली, इस्त्रीवाल्याने दुकान उघडलं. ठिपकीने चांगला डोळा तिरका करून इकडून तिकडून बघायचा प्रयत्न केला.

"बाबा, बाजूला हो ना," ती म्हणाली. "तुझ्यामुळे दिसत नाहीये."

काचवाले थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग बाजूला झाले.