गवताच्या बुडाशी

कुईसेब नदीच्या कोरड्या पात्राकाठी आमच्या वस्तीतलं शेवटचं घर एफ्राईममामाचं. त्यापलीकडे नुसती तांबडी वाळू. सेसिलियामामी गेली तेव्हा तो रडला नाही. त्याची मुलगी मागरीट वॉल्विस बे बंदरात मासळीच्या कारखान्यात कामाला. ती दफनाला आली आणि लगेच परतली. मग मामाचं बोलणंच आटलं. शेळ्यांनासुद्धा तो मुकाट्याने हाकायचा.

त्या उन्हाळ्यात नाराच्या काटेरी जाळ्यांवर खरबुजासारखी फळं पिकली. आम्ही सगळे गाढवगाड्या जुंपून टेकाडांकडे निघालो. मामाने मात्र स्वतःच्या वाट्याच्या जाळीजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. तिथे गवताच्या बुडाशी चंडोलाच्या जोडीचं घरटं होतं. आमच्या वाळूच्याच रंगाचं हे पाखरू या वाळवंटाबाहेर कुठेच राहत नाही.

"मामा, फळं काय कोल्ह्यांसाठी राखलीस?" मी विचारलं.

"खाऊ देत कोल्ह्यांना. पण तू गाडी इकडून नेलीस तर बघ!"

"एवढं पाखराचं कौतुक?"

"पिलांना भरवताना ती बोलते गं. मला ऐकायला बरं वाटतं."

पुढच्याच आठवड्यात समुद्राकडून असा वारा सुटला की टेकाडाची अख्खी कड घसरली. वारा पडल्यावर मी गेले, तर मामा गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू उपसत होता. पिलं सापडली, पण मेलेली. चोचीत किडा धरून मादी त्याच्याभोवती पळत होती. मामा एकदम हंबरडा फोडून रडला, आणि नाव घेतलं ते मामीचं. मी शेजारी बसून राहिले.

हे कळल्यावर मागरीट गाडी घेऊन आली. "बाबा, चल आता. इथं तुझं कोण आहे?"

तो तिच्याबरोबर गेला. पण हिवाळ्याआधीच चाऱ्याच्या ट्रकमध्ये बसून परत आला.

"काय रे, पोरीनं हाकललं की काय?" मी चिडवलं.

"नाही गं, जीव लावते ती. पण सकाळी सगळे कामावर जातात. मी आपला दार लावून भिंतीकडे बघत बसायचो. एकटंच राहायचं तर इथं काय वाईट?"

आता मी संध्याकाळी त्याला लापशी नेऊन देते. खाता खाता तो मामीबद्दल थोडंफार बोलतो. कधी मला जायला जमत नाही. त्या दिवशी तो दारात बसलेला लांबून दिसतो, अंधार पडेपर्यंत.