उशाशी रचलेले पेले

पेला पडल्याचा आवाज आला की मला लातूरचं घर आठवतं. भूकंपाला वर्ष झालं होतं आणि मी दुबईहून कायमचा परतलो होतो. आईच्या उशाशी स्टीलचे पाच पेले एकावर एक उपडे रचलेले दिसले. "घर आहे की भांड्याचं दुकान?" म्हणत मी ते उचलून फळीवर ठेवले. आई ते पुन्हा रचायला बसली. "जमीन हालली की पडतेत. जाग येती, पळता येतं. तू नव्हतास ना तवा." माझं नाव कोरलेला पेला तिनं सगळ्यात वर ठेवला. "तुझाच आवाज आधी येतो." भूकंपानंतर शेजाऱ्यांकडचा फोन लागत नव्हता, असं मी तिला सांगितलं होतं. खरं तर तिसऱ्या दिवसापर्यंत मी शेजाऱ्यांचा नंबर फिरवलाच नव्हता.