मंद्रूपची आगटी

हुरड्याचा वास आला की मंद्रूपच्या शेतातली कणसं भाजायची आगटी आठवते. निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि वृत्तपत्राबाहेर मला एकही मित्र नव्हता. शेजारी राहणारे एक निवृत्त एसटी चालक मला त्या शेतावर, त्यांच्या मित्रमंडळीत घेऊन गेले. गरम कणसं चोळताना एकाने सांगितलं, काल विहिरीवर बिबट्या आला होता. बातमीदाराच्या सवयीने मी विचारलं, "पाहिला कुणी? किती वाजता?" कणसं चोळणारे हात थांबले. चालकांनी माझ्या तळहातावर हुरडा ठेवला. "सायेब, हितं काय छापायचं न्हाय. तुमी खावा." मग ते सांगणाऱ्याकडे वळून म्हणाले, "हां, केवढा हुता म्हनं बिबट्या?" "बैलाएवढा की." सगळे हसले, मीही हसलो. तरी पुन्हा बोलावतील असं वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी दारात चालकांच्या गाडीचा हॉर्न वाजला. आज निवृत्तीनंतर मला माणसं आहेत, ती त्या हॉर्नमुळे.