बाईंची आई

इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करून करून मावशीच्या खांद्यांनी असहकार पुकारला होता. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत मदतनीस व्हायचं, तर शालान्त पातळीचं वरचं बीजगणित पास हवं. आणि वयाची अट पाहता ही शेवटचीच संधी होती. म्हणून ती कामावरून थेट संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसायची. तिथं लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत.

वर्षाच्या मध्यावर गणिताचे सर आजारी पडले आणि त्यांच्या जागी नव्या बाई आल्या. त्या निघाल्या मावशीचीच सख्खी लेक.

"चला, आता परीक्षा घरच्या घरी!" मागच्या बाकावरचा टॅक्सीवाला म्हणाला. वर्ग खुसखुसला. बाईंचे कान लाल झाले.

तोंडी परीक्षेत नापास झालं की वार्षिक परीक्षेला बसता येत नसे. त्या दिवशी बाईंनी पहिली हाक मारली, "मावशी, तुम्ही या."

लेकीच्या तोंडून 'तुम्ही' ऐकून मावशी पदर सावरत फळ्यापाशी गेली. फळ्यावर होतं: क्ष अधिक सहा, या सगळ्याचं वर्गमूळ बरोबर क्ष. तिनं दोन्ही बाजूंचा वर्ग केला, अवयव पाडले आणि खडू ठेवला.

"तीन आणि उणे दोन."

"नक्की?"

बाईंचा चेहरा दगडासारखा होता. पण अंगठा मात्र तर्जनीवर घासत होता. लहानपणी काही बिनसलं की पोरगी अशीच करायची. मावशीनं झटकन फळ्याकडे पाहिलं. उणे दोन! वर्गमूळ उणे कसं येईल? उत्तर ओठांवर आलं, पण जीभ रेटेना. सगळा वर्ग टक लावून बसला होता.

"बाई, मला दुसरं गणित घाला," ती म्हणाली. "यातली चूक मला तुमच्याकडे बघून कळली. आणि आता जरा खिडकीकडे तोंड करा."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी लिहिलं: क्षचा घन बरोबर चार क्ष. मग त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

मावशीनं दोन्ही बाजूंना क्षनं भागलं. दोन, उणे दोन. ताळा केला, जमला. तरी मन मानेना. घाम कानामागून ओघळला. क्षनं भागलं खरं, पण क्षच शून्य असला तर? तिनं सगळं पुसलं, चार क्ष डावीकडे आणले, क्ष सामाईक काढला.

"शून्यसुद्धा!" ती जवळजवळ ओरडलीच.

टॅक्सीवाल्यानं मान खाली घालून वहीत ते उतरवून घेतलं.

घरी जाताना लेक फणफणली, "आई, अडली असतीस तर? वर्ष गेलं असतं, सगळंच गेलं असतं!"

"गेलं असतं," मावशी म्हणाली. "हात धर जरा."

वार्षिक परीक्षेत ती काठावर पास झाली. प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवशी तिच्या हातून एक काचनळी फुटली. बाकी सगळं ठीक झालं.