ताप नाही, असं मी सांगितलं

हे मी कोणाजवळच बोलले नाही. आईजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट कळत नाही.

आमचे हे सौंसरला शाळेत मास्तर होते. दारूचा थेंब कधी घेतला नाही, पण जुन्या काविळीनं लिव्हर पार खाऊन टाकलं. माझा रक्तगट जुळला नाही. धाकटी नणंद रंजना, पांढुर्ण्याला दिलेली — ती म्हणाली, "माह्यं घ्या." दोन लेकरांची आई. नागपूरच्या दवाखान्यात तिच्या लिव्हरचा मोठा तुकडा काढून यांना बसवला.

आणि तो लागला होता. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, भूक लागू लागली. सुटी देताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं — शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद दबलेली आहे. जरासा ताप आला तरी घरचं औषध द्यायचं नाही, सरळ इकडे आणायचं. मला समजलं होतं. पूर्ण समजलं होतं — हे आधीच सांगून ठेवते.

घरी आल्यावर काही आठवडे बरे गेले. मग एका शुक्रवारी यांना हुडहुडी भरली. थर्मामीटर लावला. ताप होता. आणि रविवारी आमच्या प्रणालीला बघायला रामाकोन्याचे पाहुणे येणार होते.

काय सांगू? बापाच्या आजाराचं ऐकूनच आधीची दोन स्थळं फिरली होती. हे खुर्चीत बसलेले दिसावेत, पाहुण्यांशी चार शब्द बोलावेत — एवढंच माझ्या डोक्यात. मी तापाची गोळी दिली. यांनी विचारलं, "डॉक्टरले फोन केला काय?"

"केला," मी म्हणाले. "चालते म्हणाले."

केला नव्हता. उलट शनिवारी दवाखान्यातूनच नर्सचा फोन आला — ताप वगैरे काही? मी सांगितलं, नाही. हे समोरच पडले होते. डोळे पुन्हा पिवळे दिसून राहिले होते, आणि मी खिडकीकडे तोंड करून बोलले.

रविवारी हे इस्त्रीचा सदरा घालून बसले. हसलेसुद्धा. मुलगी पसंत पडली. पाहुणे फाटकाबाहेर गेले आणि यांना खुर्चीतून उठताच येईना.

नागपूरला नेलं. पित्ताच्या नळीला सूज येऊन आत पू झाला होता, रक्तात विष पसरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, ताप केव्हापासून? मी म्हणाले, आज सकाळपासून. तेव्हाही! नवऱ्याला आत नेऊन राहिले होते, आणि मी वाचवत कोणाला होते — स्वतःलाच ना? हे पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. शुक्रवारीच आणलं असतं तर? ते विचारायची वाट मीच बंद करून टाकली.

प्रणालीचं लग्न त्याच घरी झालं. सुखात आहे. पण रंजना? तेराव्याला कोणीतरी बोलून गेलं, बहिणीचं लिव्हर लागलं नाही म्हणून. मी तिथंच बसले होते. गप्प. तेव्हापासून ती भावाच्या फोटोकडे मान वर करून बघत नाही. राखीच्या दिवशी जेवत नाही.

मागच्या महिन्यात पांढुर्ण्याला तिच्याकडे गेले होते. ओसरीवर दोघीच मेथी निवडत होतो. ती खाली बघत म्हणाली, "वहिनी, खरं सांगा. माह्यंच लिव्हर खराब होतं ना?"

सगळं तोंडापर्यंत आलं होतं माझ्या.

"असंल, बाई," मी म्हणाले. "त्यात तुह्या हातात काय होतं?"

तिनं मान हलवली, आणि पुढची जुडी सोडली.