फलाटावरची आवणी

मी बाळ्या, हॉल्टवर तिकिटं विकणारा. मला मास्तर म्हणू नका. तसं म्हटलं की खर्डीच्या खऱ्या मास्तरांना राग येतो आणि मलाही येतो. आटगाव आणि खर्डीच्या मधे आमचा हा हॉल्ट. नवखा माणूस उतरला की विचारतो, हे स्टेशन कोणी बांधलं हो? मी सांगतो, यमाजीनं. मग विचारतो, इंजिनियर होता का? झालं, माझं डोकं फिरतं. अरे बाबा, यमाजीच्या हातात उभ्या जन्मात फावड्याशिवाय काही आलं नाही.

रुळांच्या कडेला मूठभर झोपड्यांची वाडी आहे, तिथला हा यमाजी. वाडीला धड नावही नव्हतं, दोन्ही बाजूंची गावं नुसतं 'वाडी' म्हणायची. माणूस काटकुळा, पण आवाज असा की ओढ्यापलीकडची गुरं मान वर करायची. त्याचं काम एकच, भाताच्या खाचरांना बांध घालायचे. पूर्वेला सावरशेत, पश्चिमेला बिबळोली. या दोन गावांत ज्याच्या शेतात पाणी टिकलं, त्याचा बांध यमाजीनं घातला असं डोळे मिटून समजावं. चिखलाची ढेप उचलायची, आपटायची, टाचेनं दाबायची आणि वरून थाप मारायची. थाप मारताना मातीला दटावायचं, "बस गो, बस! कुठं पळतंस?" बांध पोखरणाऱ्या खेकड्यांशी त्याचं हाडवैर होतं. दिवसा सापडलेला खेकडा संध्याकाळी त्याच्या चुलीवर शिजायचा. "माझ्या बांधातून थेंब गळला तं मिशी काढीन," असं तो चारचौघांत म्हणायचा. मिशी शेवटपर्यंत शाबूत होती.

आणि एवढे बांध घालणाऱ्याचं स्वतःचं शेत? नखाएवढंही नाही. बांध घालायचा, मजुरी घ्यायची आणि घरी यायचं. पीक आलं की लोक म्हणायचे, देवराम पाटलाचं शेत काय पिकलंय! बांध कोणाचा, हे कोणी विचारत नसे आणि यमाजीही सांगत नसे. फक्त सुगीच्या दिवसांत तो भलता चिडका व्हायचा. त्या दिवसांत त्याची बायको हौसा जेवणाचं ताट लांबूनच पुढे सरकवायची.

अठ्ठावन्न साली रेल्वेनं कळवलं की इथं गाडी थांबवून बघू. अटी दोन होत्या. मातीचा फलाट दोन्ही गावांनी श्रमदानानं घालायचा, आणि स्टेशनला दोघांनी मिळून एकच नाव सुचवायचं. पावसाळा सरता सरता साहेब गाडीनं येतील. सगळं ठीक दिसलं तर हॉल्ट कायम, नाहीतर रद्द.

माती घालायला कोण भितो? पण एकच नाव! सावरशेतचे देवराम पाटील म्हणाले, "जागा आमच्या शिवेत हाय. नाव सावरशेत." बिबळोलीचे वाल्मिक पाटील म्हणाले, "आमच्या आज्यानं पुरलेला शिवेचा दगड बघा आदी. नाव बिबळोली." बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! गाडीचा पत्ता नाही, आणि किन्हवलीच्या बाजारात हे दोघे एकमेकांकडे पाठ करून मिरच्या घ्यायचे. एक ठरलेलं लग्नसुद्धा लांबलं. नवरा सावरशेतचा, नवरी बिबळोलीची, आणि पत्रिकेत 'जवळचं स्टेशन' म्हणून काय छापायचं यावरून व्याही हमरीतुमरीवर आले. शेवटी पत्रिकेत 'बैलगाडीने यावे' असं छापलं.

फलाटाचं मात्र ठरलं, तो यमाजी घालणार. वैशाखात साहेब आले, फक्कीच्या रेघा मारल्या, म्हणाले, "एवढा लांब, गुडघाभर उंच, वरून सपाट," आणि निघून गेले. दोन्ही गावं पाट्या घेऊन कामाला लागली. बायकांनी ओढ्याच्या डोहातलं पाणी हंड्यांनी आणून माती भिजवली. आणि यमाजीचा काय रुबाब! जन्मात पहिल्यांदा तो पाटलांवर ओरडत होता. "पाटील, ढेप हाय ती, लाडू नाय! आपटा जोरात!" पाटील निमूट आपटत होते.

माती भरून सपाट झाली. मग यमाजीनं सवयीनं चारी बाजूंनी हातभर उंच, पायवाटेएवढा रुंद, गुळगुळीत बांध घातला. दोन्ही गावची माणसं तिथं उभी होती, दोन्ही पाटील होते, मॅट्रिकला बसून आलेला मी होतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही की फलाटाला बांध कशाला? अहो, सपाट जमीन बांधाशिवाय आम्ही कधी बघितलीच नव्हती. बांध नसला तर तो माळ झाला. उलट आम्ही बांधावरून हात फिरवून वाहवा केली.

आषाढात फलाट काठोकाठ भरला. खाली थेंब गळेना. यमाजी इरलं पांघरून बांधावर उभा राहायचा आणि खूश होऊन पाण्याकडे बघायचा. देवराम पाटील आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "यमा, अरे हा फलाट का तलाव?"

"पानी बघा ना कसं धरलंय, पाटील!" यमाजी म्हणाला. त्याला वाटलं, पाटील कौतुकच करतायत.

तोवर आवणी सुरू झाली होती. आवणी म्हणजे भाताची लावणी. घरोघरी माणसं खाचरात वाकलेली, फलाटाकडे बघायला वेळ कोणाला? पाऊस गेल्यावर बघू, असं म्हणून पाटीलही गेले. हौसा देवराम पाटलांच्या शेतात आवणीला जायची. शेवटी रोपांच्या मुठी उरतात, त्या बांधावर कुजून जातात. एका संध्याकाळी ती उरलेल्या मुठी डोक्यावर घेऊन घरी निघाली आणि वाटेत तिला फलाट दिसला. पाण्यानं मऊ झालेला, लोण्यासारखा चिखल. तिचा पायच पुढे जाईना. "एवढा चांगला चिखल नि रिकामा? पाप लागल," असं म्हणून ती आत उतरली आणि लावत सुटली. पुढे रोज संध्याकाळी कोणाकोणाच्या उरल्यासुरल्या मुठी येत गेल्या. श्रावण लागला तेव्हा आमचं स्टेशन हिरवंगार झालं होतं.

पहिल्या दिवशी यमाजी तिच्यावर उखडला. "सायेबाचा फलाट हाय तो, ए गो! तुला काय याड लागलं?" मग तो अंधार पडेपर्यंत बांधावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पठ्ठ्या आत उतरून गवत उपटतोय! त्यानंतर माणूसच बदलला. ओरडणं कमी झालं. कामावर जाताना आणि येताना वाट वाकडी करून फलाटावर यायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, "हळवं भात हाय, लवकर येतं. दसऱ्याला कापाय येल." हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की थट्टा करायला आलेला माणूस गप्प व्हायचा. मीसुद्धा एकदा थट्टा करायला गेलो होतो आणि तंबाखू देऊन परत आलो.

भाद्रपदात रेल्वेचा निरोप आला. दसऱ्याच्या आधीच साहेब येणार आणि गाडी थांबणार. दोन्ही पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. रेल्वेच्या जागेत पीक! साहेबांनी बघितलं तर हॉल्ट गेलाच, वर खटला. तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा दोन्ही पाटील एका वाटेनं चालले आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा वाडीत आले. मलाही लिहिणारा माणूस म्हणून सोबत घेतलं होतं. हौसानं गोणपाट अंथरलं. कालपर्यंत 'ए यमा' होता, तो आज 'यमाजी दादा' झाला.

"यमाजी दादा, बांध फोड. पानी सोडून दे नि सगळं सपाट कर," देवराम पाटील म्हणाले.

यमाजीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाला, "दाना भरतोय, पाटील. आता पानी सोडलं तं सगळा फोल जाईल."

"अरे, पन दोनी गावांचं स्टेशन हाय!"

"व्हय. मंग फोडतो. पन आमाला तेवढाच तुकडा द्या कसाया. एक वर्स. पुढच्या सुगीला परत करतो." त्यानं दोघांकडे पाहिलं. "जागा कोनाच्या शिवेत हाय? ज्याची शीव, त्यानं द्यावा."

देवराम पाटलांनी घसा खाकरला. "शीव म्हंजे... खरं बघाया गेलं तं वाल्मिकभाऊंच्याच बाजूला पडते."

"छे, छे!" वाल्मिक पाटील गोणपाटावरून उठलेच. "आमचा दगड पार ओढ्याच्या पलीकडं. आमचा काय संबंध? नाव सावरशेतच शोभतं."

"नाय, नाय, बिबळोलीच द्या. तुमचा मान मोठा."

वर्षभर एकमेकांच्या उरावर बसणारे हे दोघे आता ताटातला लाडू वाढावा तसं ते नाव एकमेकांना वाढत होते. हसू दाबताना माझ्या पोटात दुखायला लागलं. शेवटी देवराम पाटलांना तोड सुचली. "यमाजी, असं करू. स्टेशनला तुझंच नाव देऊ! यमाजीनगर! काय?"

"नाव ठेवा तुमच्यापाशी," यमाजी म्हणाला. "तुकडा द्या."

तुकडा काही कोणी दिला नाही. दोघांची मिळून अर्धी टेकडी होईल एवढी जमीन होती, निम्मी पडीक. एका वर्षापुरता एक तुकडा सुटला नाही यांच्या हातून! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

परतताना वाल्मिक पाटलांनी डाव काढला. "बांध फोडाया कशाला पायजे? गाडीच्या दिवशी दोनी गावं बोलवू. एवढी मानसं फलाटावर चढली की भात तुडवून सपाट. कोनाचं नाव नको, गाव नको." देवराम पाटलांनी टाळी दिली आणि दोन्ही गावांत दवंडी पिटली. मला राहवेना. मी जाऊन यमाजीला सगळं सांगितलं. हौसा म्हणाली, "आमी दोघं आडवं होऊ. आदी आमाला तुडवा म्हनावं."

तो दिवस उजाडला. माणसं धुतलेले कपडे घालून आली, म्हाताऱ्या आल्या, तान्ही पोरं घेऊन बायका आल्या. यमाजी आणि हौसा फलाटाच्या टोकाला उभे होते. यमाजीचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. भात ऐन भरात होतं, लोंब्या ओझ्यानं वाकलेल्या.

"चला, फलाटावर चला! मधे जा, मधे!" देवराम पाटील ओरडले.

सगळ्यात पुढे सावरशेतची सकुबाई होती. तिनं पाय उचलला, खाली बघितलं, आणि पाय बांधावर ठेवला. तिच्या मागच्यानं तेच केलं, त्याच्या मागच्यानं तेच. लुगडी सावरून, एकामागं एक, जसं आम्ही कुठल्याही शिवारातून जातो तसं सगळं गाव बांधावरून चालू लागलं.

"अरे, मधे जा ना!"

"भरल्या भातात पाय कोन घालील, पाटील?" सकुबाई म्हणाली. "तुमी व्हा पुढं."

पाटील पुढे झाले. भाताकडे बघितलं, धोतराचा सोगा वर धरला, आणि गुपचूप बांधावर चढले. मागून वाल्मिक पाटीलही. शेवटी हाडाचे शेतकरी ते! एक काडी मोडली नाही.

गाडी आली आणि थांबली. साहेब उतरले ते थेट बांधावर. बांध जागचा हलला नाही, पण साहेब हलले. "ये क्या है? भात? रेल्वेच्या फलाटावर भात?" ते ओरडले. "किसका है? ज्याचं असेल त्याच्यावर केस होईल!"

मग दोन्ही पाटलांनी एकदम बोट दाखवलं. "यमाजीचं शेत, साहेब!" आणि त्यांच्यामागून घाबरलेली दोन्ही गावं बोलली, "यमाजीचं! यमाजीचं शेत!"

यमाजी बांधावरून चालत आला. मला वाटलं, आता पाया पडेल. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "व्हय सायेब. माझं शेत."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बांधावरची माणसांची रांग पाहिली, न तुडवलेलं भात पाहिलं, आणि डोक्यावरची टोपी काढून कपाळ पुसलं. "कधी पिकेल?"

"दसऱ्याला. आदी नाय."

"दसऱ्याला कापा," साहेब म्हणाले. "मग हे फोडून सपाट करा. सपाट म्हणजे सपाट!" गार्डानं शिट्टी दिली, रांगेतली पुढची माणसं बांधावरून डब्यात चढली, आणि आमचा हॉल्ट कायम झाला.

नावाचं पुढे बरंच रामायण झालं. तुकडा देण्याची भीती सरल्यावर पाटील पुन्हा भांडायला लागले. नंतर बोर्डावर काय लिहिलं ते तुम्ही येऊन वाचा. कल्याणच्या खिडकीवर आमची माणसं अजून "यमाजीचं शेत द्या" म्हणतात आणि खिडकीतला बाबू वैतागतो.

त्या दिवशी गाडी गेली, उरलेली माणसं पांगली. यमाजी बांधावर उकिडवा बसला होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "बाळ्या, मघाशी काय बोलले रे ते?"

"यमाजीचं शेत."

"पुन्यांदा बोल."

"यमाजीचं शेत!"

"दोनी पाटील बोलले?"

"दोन्ही पाटील. दोन्ही गावं. साहेबाच्या तोंडावर."

त्यानं मान वळवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं पुसलेही नाहीत. "ऐकलंस का गो?" तो हौसाला म्हणाला.

"ऐकलं," हौसा म्हणाली. "आता उठा. आपल्या शेतात पाखरं उतरल्यात, ती हाका आदी."