रंगनाथमामांचा अंगठा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, मला गंजक्या लोखंडाचं वेड आहे, आणि तेवढं खरंच आहे. तुम्हाला का सांगतोय, तेही मला धड कळत नाही.

मी जालन्यात शाळामास्तर. जुन्या सायकलींचे डिरेलर जमवतो — गिअरच्या सायकलीला मागच्या चाकाशी लोंबतो ना, साखळी एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारा, तो भाग. एकाच बनावटीचे दोन शेजारी ठेवायचे, दाते मोजायचे, स्प्रिंगचा ताण बघायचा. यात कसलं पाप होणार, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचो.

वाटूरच्या फाट्यावर रंगनाथमामांचं सायकलचं दुकान होतं. माझ्या नात्यातले नव्हेत, सगळ्या गावाचेच मामा. नजर अधू झालेली, पण अंगठा — चाकाची तार नुसती दाबून सांगायचे, ही सैल, ही ताठ. तरुणपणी ज्या सायकलीवर शर्यती मारल्या, तिचा डिरेलर त्यांनी फडक्यात गुंडाळून जपला होता. माझ्याकडे हुबेहूब तसाच एक होता, फक्त त्याची स्प्रिंग मेलेली. मामांनी आपणहून त्यांचा दिला. "घेऊन जा सर, आठ दिवस ठेवा, बराबर ताडून बघा."

ताडून बघितलं. आणि मग — कसं सांगू — परत देताना फडकं त्यांचं होतं, आतला डिरेलर माझा. रॉकेलने पुसलेला, तेल लावलेला. म्हटलं, अधू नजरेला काय कळणार? अंगठ्याचा मला विसर कसा पडला?

मामांनी अंगठ्याने स्प्रिंग दाबून बघितली. पुन्हा दाबली. माझा संशय त्यांच्या मनाला शिवलाही नाही. "ढिली लागून राह्यली सर. तुम्ही बघा बरं."

मी दाबली. म्हणालो, "बराबर आहे मामा. होती तशीच आहे."

"मंग माझ्या अंगठ्यालाच कळंना झालं," ते म्हणाले आणि अंगठ्याकडे बघत बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

त्यानंतर त्यांनी तारा ओढायचं काम सोडलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, परतूरला जा, माझा हात गेला. हात गेला नव्हता — हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. आज सांगू, आज सांगू म्हणत मी किती वेळा गेलो, आणि चहा पिऊन परत आलो. वर्षभरात दुकान बंद झालं.

मागच्या महिन्यात मामांनी ते फडकं माझ्या हातात ठेवलं. "तुमच्यापाशीच राहू द्या. मला आता त्यातलं काई कळत न्हाई."

मी घेतलं.

दोन्ही डिरेलर आता एकाच फळीवर आहेत. मामा वाटूरला ओट्यावर बसलेले असतात, मांडीवर हात ठेवून. अंगठा अजून तितकाच खरा आहे, आणि ते त्यांना माहीत नाही.